सहा आठवड्यांचा स्मरणशक्ती वर्ग : कोणत्या तासांचे पैसे वसूल झाले

मी तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉल बुक करून लोक तासन् तास वाट पाहत, त्या काळात दीड-दोनशे क्रमांक मला मुखोद्गत असत आणि वही उघडावी लागणे हा आमच्या पाळीत कमीपणा मानला जाई. गेल्या वर्षी माझा मोबाइल हरवला, तेव्हा रिक्षा स्टँडवर एका अनोळखी मुलीचा फोन हातात घेऊन मी उभी राहिले आणि स्वतःच्या मुलाचा क्रमांक मला काही केल्या आठवेना. पुढे दोन-तीन दिवस मी मनाशी बरेच वाईट तर्क केले. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रातून घरी एक पत्रक आले. ‘वय वर्षे 8 ते 88, सहा आठवड्यांत स्मरणशक्ती दुप्पट’ असे त्यावर छापले होते. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट आणि ती मोजणार कोण, हे प्रश्न मला तेव्हाच पडले होते, तरीही मी नाव घातले.

वर्ग ठाण्यातलाच आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच धाटणीचे वर्ग आता बऱ्याच शहरांत निघाले आहेत आणि त्यांचे पत्रक हातात पडल्यावर काय पाहावे, हे सांगण्यासाठी नावाची गरज नाही. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी साडेचार ते सहा, असे एकूण 12 तास (तास म्हणजे एक बैठक) आणि शुल्क 4,500 रुपये, म्हणजे दर तासाला 375 रुपये पडतात. आम्ही 22 जण होतो. सर्वांत लहान मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, सर्वांत मोठे आजोबा 79 वर्षांचे, आणि मधल्या वयाच्या तीन-चार नोकरदार बायका. जागा पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि पंख्यांच्या आवाजामुळे मागच्या रांगेत निम्मे शब्द पोहोचत नाहीत. ज्येष्ठांच्या वर्गात हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. पुढे या आवाजाचा संबंध एका महत्त्वाच्या गोष्टीशी आला, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवते.

पहिले चार तास युक्त्यांचे होते आणि ते सर्वांत रंगले, हे मान्य केले पाहिजे. शिक्षकांनी फळ्यावर वीस वस्तूंची नावे लिहिली, पुसली, आणि आम्हांला क्रमाने सांगायला लावली. सरासरी सात-आठ नावांवर सगळे अडकले. मग त्यांनी ओळखीच्या वाटेवर एकेक वस्तू ठेवत जाण्याची रीत शिकवली. ही रीत प्राचीन ग्रीसपासून चालत आली आहे आणि सिमोनिडीस नावाच्या कवीशी तिची कथा जोडली जाते. मी ठाणे स्टेशनपासून घरापर्यंतची वाट निवडली. जांभळी नाक्यावर छत्री उघडून ठेवली, कौपिनेश्वराच्या दारात कुलूप टांगले, तलावपाळीवर घोड्याऐवजी शिलाई मशीन फिरवले आणि गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर फणस ठेवला. पाऊण तासाने वीसपैकी एकोणीस नावे मी न अडखळता सांगितली. 79 वर्षांच्या आजोबांनी सोळा सांगितली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

रीत खरोखर चालते, याबद्दल मला शंका नाही. पण त्या रात्री घरी गेल्यावर गॅसवर दूध ठेवल्याचे मी विसरलेच. वाटेवर वस्तू ठेवण्याच्या सरावाने यादी पाठ होते, दूध उतू जायचे थांबत नाही. वर्गाने हा फरक कधीच स्पष्ट केला नाही, आणि माझी पहिली मोठी तक्रार हीच आहे. अमेरिकेत 65 वर्षांवरील सुमारे 2,800 लोकांवर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. त्यात कोणाला स्मरणाच्या युक्त्या, कोणाला तर्काचे प्रश्न, तर कोणाला नजरेच्या वेगाचे सराव पाच-सहा आठवड्यांत दहा तास शिकवले गेले. 2002 मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की ज्याने जे शिकले, तो त्यातच सुधारला. दहा वर्षांनंतरच्या तपासणीत तर्क आणि वेग यांचा लाभ थोडाफार टिकून होता, स्मरणाच्या युक्त्यांचा मात्र टिकला नव्हता. आमचा वर्ग लांबीने जवळजवळ तेवढाच होता, पण त्याचे पत्रक मात्र दुपटीचे होते.

अंकांच्या तासाला मला थोडे हसू आले. लांबलचक संख्या लक्षात ठेवायची तर तिचे तीन-चार अंकांचे तुकडे पाडावेत, असे तेथे मोठ्या गांभीर्याने सांगितले गेले. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये माणसाच्या तात्कालिक स्मृतीत एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात असे मांडले होते, हाही दाखला आला. आम्ही ऑपरेटर मुली हे तुकडे पाडणे कोणी न शिकवता करत होतो, आणि वर प्रत्येक तुकड्याला एक चाल लावत होतो, कारण चालीत म्हटलेला क्रमांक सहसा चुकत नसे. माझ्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे याच पद्धतीने एका सुरात घोकले होते. वेदपाठी घराण्यांत तर जटापाठात दोन शब्द सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणतात आणि घनपाठात ती वीण तीन शब्दांपर्यंत वाढवतात, म्हणजे एखादा स्वरही ढळला तर लगेच उघडा पडावा. आपल्याकडे एवढे सगळे असताना शिक्षकांनी एकही देशी उदाहरण घेतले नाही, याचे मला नवल वाटले.

पाचव्या आणि सहाव्या तासाला मात्र वर्गाने शुल्काची किंमत भरून दिली. हे दोन तास एका निवृत्त प्राध्यापिकेने घेतले. त्यांनी पत्रकातल्या दुपटीचा उल्लेखही केला नाही. त्यांचे म्हणणे इतकेच होते की आपण ज्याला विसरणे म्हणतो, त्यातले बरेचसे मुळात मनात शिरलेलेच नसते. माझ्या मुलाच्या क्रमांकाचे कोडे मला तेथे उलगडले. तो क्रमांक मी आयुष्यात एकदाही पाठ केला नव्हता. फोनने तो साठवला आणि मी फक्त मुलाच्या फोटोवर बोट ठेवत आले. ज्या क्रमांकाची गाठ कधी बांधलीच नव्हती, तो विसरला म्हणून मी स्वतःला आजारी ठरवून बसले होते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती उजळणीची, आणि ती नेमकी आपल्या सवयीच्या उलट होती. आपण वाचलेले पुन्हा वाचतो आणि ते ओळखीचे वाटले की ‘येते’ असे समजतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारा गट पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होता, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून लिहिणारा गट पुढे गेला. आठवताना होणारे कष्ट हीच खरी मशागत, असा त्याचा अर्थ. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून विस्मरणाचा आलेख काढला होता. त्यानुसार सुरुवातीच्या तासांत घसरण सर्वांत मोठी असते आणि पुढे ती मंदावते. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी, दुसरी एक-दोन दिवसांनी, तिसरी आठवड्याने, असे अंतर वाढवत न्यावे. स्पर्धा परीक्षेचा मुलगा हे ऐकून वहीत भराभरा लिहीत होता आणि मला वाटते की सबंध वर्गातून सर्वाधिक लाभ त्यानेच घेतला असेल.

आमच्यासारख्यांना त्यांनी वेगळा अभ्यास दिला. बाजाराची यादी कागदावर लिहावी, पिशवीत ठेवावी आणि भाजीवाल्यासमोर ती न काढता खरेदी करावी. घरी निघण्यापूर्वी यादी काढून ताडून पाहावी. पहिल्या दिवशी नऊपैकी चार वस्तू राहिल्या आणि आल्यासाठी मी जांभळी नाक्यावर परत गेले. तिसऱ्या आठवड्यात एखादी राहू लागली. रात्री जेवणानंतर वहीत दिवसभराच्या पाच गोष्टी न विचारता, न पाहता लिहायच्या, उदाहरणार्थ सकाळी कोण भेटले, त्यांच्या अंगावर काय होते, दुपारी रेडिओवर कोणते गाणे लागले, आणि ओळख करून घेतलेल्या माणसाचे नाव काय. नावांच्या बाबतीत त्यांनी सांगितले की भेटताच ते मोठ्याने एकदा उच्चारावे आणि निरोप घेताना पुन्हा घ्यावे. आपल्याकडे ‘काकू’, ‘आजोबा’, ‘वहिनी’ म्हटले की भागते, त्यामुळे शेजाऱ्याचे नाव वर्षानुवर्षे कानांवरून जाते आणि आत उतरत नाही. मी आमच्या मजल्यावरच्या चारही घरांतील सर्वांची नावे या वयात पहिल्यांदा शिकले.

या दोन तासांसाठी दिलेली शंभर पानी वही साधी, ठळक रेघांची आणि हाताला बरी आहे. पूर्ण साहित्यात तीच एक वस्तू मी अजून वापरते.

नववा तास एका डॉक्टरांचा होता. तो मी आधी सोडणार होते आणि आता वाटते की पहिल्याच दिवशी तो ठेवायला हवा होता. विसरण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ते आधी नीट ऐकू येते का, हे तपासायला लावतात. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता किंवा बदलता येण्याजोग्या 14 कारणांची यादी दिली आणि ती सर्व आवरली तर जगातील साधारण 45 टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबणीवर पडू शकतील, असा अंदाज मांडला. त्या यादीत कानांचे मांद्य, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, उपचार न झालेला दृष्टिदोष, डोक्याला झालेली इजा, नैराश्य, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण अशी अगदी घरगुती नावे आहेत. यांतील बहुतेकांचा बंदोबस्त मधल्या वयातच सुरू करायचा असतो, असे ते मधल्या वयाच्या बायकांकडे पाहून दोनदा म्हणाले. शाकाहारी माणसांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, बी-12 जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि त्यानेही विसरायला होते, थायरॉइडचेही तसेच. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या बुद्धीवर झापड आणतात, म्हणून औषधांची पिशवी वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे रिकामी करावी, ही सूचनाही मोलाची होती.

पंख्यांच्या आवाजाचा संबंध आला तो येथे. 79 वर्षांच्या आजोबांना वर्गात काही सांगितले की ते पाच मिनिटांनी तेच विचारत आणि सगळे एकमेकांकडे पाहत. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या रांगेत आणून बसवले आणि पंखा बंद करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्यांनी लगेच उत्तर दिले. त्यांना विसरायला होत नव्हते. पहिल्यांदा ऐकूच आले नव्हते. पुढच्या आठवड्यात ते कानांची तपासणी करून आले. ऐकण्याचे यंत्र लावल्याने स्मृतिभ्रंश टळतोच असे मात्र कोणी समजू नये. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या चाचणीत 977 ज्येष्ठांच्या पूर्ण गटात तीन वर्षांनी बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना धोका आधीपासून जास्त होता त्यांच्यातच घसरण मंदावलेली दिसली. परंतु ऐकू आले तर माणूस गप्पांत राहतो, आणि तेवढ्यासाठीही तपासणी योग्यच आहे.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे यांत अंतर आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. तोच प्रश्न दिवसातून अनेकदा विचारला जाऊ लागला, आयुष्यभर केलेला पैशाचा हिशेब जमेनासा झाला, किंवा नेहमीचा स्वयंपाक करताना क्रम चुकू लागला, तर वर्गात नाव न घालता डॉक्टरांकडे जावे. हे वाक्य त्या पत्रकावर छापलेले नाही. ते तेथे असायला हवे होते.

व्यायामाला अवघी पंधरा मिनिटे मिळाली, तीही खुर्चीत बसून हात वर-खाली करण्यात गेली. 2011 मधील एका अमेरिकी प्रयोगात 55 ते 80 वयाच्या 120 जणांपैकी जे आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटे चालले, त्यांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढले आणि नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचे घटले. मात्र स्मरणाची चाचणी दोन्ही गटांना साधारण सारखीच जमली, हे त्याच प्रयोगातले वाक्य सहसा सांगितले जात नाही. तरीही रक्तदाब, साखर आणि झोप या तिन्हींना चालण्याने मदत होते, म्हणून त्याला एक पूर्ण तास देऊन सगळ्यांना तलावपाळीला दोन फेऱ्या मारायला नेले असते तर बरे झाले असते. झोपेलाही असेच उरकले. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, एवढे एकच वाक्य आले आणि विषय पुढे गेला. परीक्षेसाठी रात्री दोनपर्यंत जागणारा तो मुलगा समोरच बसला होता.

आहाराचा तास सर्वांत कमकुवत होता. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, हे विधान सुशिक्षित माणसाच्या तोंडून ऐकून मी थक्क झाले. त्या न्यायाने राजम्याने मूत्रपिंडे सुधारायला हवीत. फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1,260 लोकांवर दोन वर्षे चाललेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिंगर’ चाचणीत आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेची देखरेख या चारही गोष्टी एकत्र दिल्या होत्या आणि लाभ त्या एकत्रित कार्यक्रमाचा दिसला होता. त्यातला एकच पदार्थ उचलून त्याला श्रेय देता येत नाही. भाज्या, डाळी, मासे खाणाऱ्यांसाठी मासे, तेल-तूप बेताने, एवढे सांगून तो तास वीस मिनिटांत संपवता आला असता.

तो लांबवला गेला, कारण शेवटी विक्री होती. ब्राह्मी आणि जिन्को या झाडाच्या अर्काच्या गोळ्या, एक तेल आणि मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांची सहा महिन्यांची वर्गणी असा 1,800 रुपयांचा संच आमच्यापुढे ठेवण्यात आला आणि ‘आजच घेतलात तर’ या सुरात आग्रह सुरू झाला. जिन्कोची कसोटी अमेरिकेत 75 वर्षांवरील 3,069 लोकांवर सरासरी सहा वर्षे घेतली गेली आणि 2008 मध्ये निष्कर्ष आला की त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने जिन्को डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य होते. आमच्यातील निम्मे तरी तसली गोळी घेत असतील. खेळांचेही तसेच. लुमॉसिटी या प्रसिद्ध अमेरिकी कंपनीने आपल्या खेळांनी वयोमानानुसारचे विस्मरण टळते अशी जाहिरात केली होती. पुरेसा पुरावा नसल्याच्या आरोपावरून तेथील फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेशी तडजोड करून तिला 2016 मध्ये 20 लाख डॉलर भरावे लागले. मी संच घेतला, हे कबूल करते. शेजारची बाई घेत होती आणि नाही म्हणायला संकोच वाटला. खेळ पंधरा दिवस खेळले. रंगीत मासे मोजण्यात माझी प्रगती चांगली झाली. गोळ्यांची बाटली न उघडता परत करायला गेले, तेव्हा विकलेला माल परत घेतला जात नाही असे सांगण्यात आले. पावतीवर तसे काही छापलेले नाही.

शेवटच्या तासाला परीक्षा आणि प्रमाणपत्र होते. परीक्षा पुन्हा वीस वस्तूंचीच होती, म्हणजे जे शिकवले तेच मोजले. पहिल्या दिवशी सात आणि शेवटच्या दिवशी एकोणीस, तेव्हा पत्रकाच्या हिशेबाने माझी स्मरणशक्ती दुपटीहून जास्त झाली. वर्ग संपून तीन महिन्यांनी मी घरी तीच चाचणी घेऊन पाहिली: अकरा.

याउलट नावे, बाजार आणि रात्रीची वही हे तीनही टिकले आहे, आणि त्यासोबत एक अनपेक्षित गोष्टही. आमच्यातील सात-आठ जण अजून मंगळवारी भेटतो, तलावाला फेरी मारतो, मग एकेकाने आठवड्यात वाचलेला एक लेख कागद न पाहता सांगायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, असा क्रम ठरला आहे. यंत्र लावलेले आजोबा सर्वांत अवघड प्रश्न विचारतात. खर्च चहाचा.

तेव्हा पाचपैकी तीन गुण. प्राध्यापिकेचे दोन तास आणि डॉक्टरांचा एक, यांचे पैसे मी आनंदाने पुन्हा देईन. सुटे तास मिळतात का, हे विचारले तर कार्यालयात त्यांनी आधी नाही म्हटले आणि नंतर प्रत्येकी 400 रुपयांत तयारी दाखवली, म्हणून नाव घालणाऱ्याने हे अवश्य विचारावे. विद्यार्थ्याने पाचवा-सहावा तास घ्यावा. ज्येष्ठांनी नववा घ्यावा आणि पुढच्या रांगेत बसावे. आहाराच्या तासाला जायचेच असेल, तर पाकीट घरी ठेवून जावे.